मांडीवरच्या खळ्या

दुष्काळात जनावरांची छावणी पडली त्या वर्षी माझ्या मांड्या अख्ख्या गावाच्या डोळ्यांत खुपल्या. आता सांगताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा माझ्या कमरेला काळ्या दोऱ्यात ओवलेली एका पत्र्याच्या ट्रंकेची किल्ली होती, आणि ती काढून घ्यायचा बेत माझ्या मांड्यांवरून शिजत होता. नुसती किल्ली गेली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. पण किल्लीबरोबर ‘पोटुशा बायकांच्या तोंडचं खाणारी’ असं नाव पडलं असतं, आणि आमच्याकडं बाईला असं नाव पडलं की ते तिच्या लेकीच्या सोयरिकीपर्यंत पोचतं. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. तरी मला तिला बघायला आलेले आणि चहा न घेता उठून गेलेले पाहुणे दिसायला लागले होते.

मी स्वभावानं संशयी आहे. हे मी लपवत नाही, उलट ते मला कामाला आलं आहे. गावात बायकांची दूध सोसायटी होती आणि मी तिची सेक्रेटरी. दुधाच्या कामात भोळं माणूस चालत नाही. कुणाचंही दूध आलं की मी आधी वास घ्यायचे, मग बोट बुडवून नखावर थेंब धरायचे, मग लॅक्टोमीटर सोडायचे, आणि एवढं करून पुन्हा आणणारीच्या तोंडाकडं बघायचे. ‘बाई, तुमी तर म्हशीलाबी शपथ घालताल,’ असं बायका मला तोंडावर म्हणायच्या. त्या वर्षी मात्र दुधात पाणी घालायची कुणाची टाप नव्हती. पाणीच नव्हतं.

आष्टीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, माळावर छावणी पडली होती. दावणीला दावण लागलेली, वर हिरव्या जाळीची सावली, आणि जनावरांपाशी घरोघरच्या बायका. माझा नवरा दुधाच्या टेम्पोवर होता, पहाटे जायचा तो उन्हं कलताना यायचा. मी, सासू आणि लेक आमच्या दोन गाईंशेजारी ताडपत्रीखाली राहत होतो. दूध घटलं तरी आम्ही सोसायटी बंद पडू दिली नव्हती. उलट जे काही सुटेल त्यातून शेंगदाणा-गुळाचे लाडू करायचे ठरवलं होतं. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी बाई आणि अंगणवाडीच्या वयाचं पोर, एवढ्यांनाच लाडू. बाकी कुणाला नाही म्हणजे नाही. लाडू ट्रंकेत, ट्रंक सोसायटीच्या शेडमध्ये, किल्ली माझ्याकडं, आणि कुणी खाल्ला ते अध्यक्षीणबाईंच्या वहीत. मी माझ्या लेकीलाही कधी त्यातला दिला नाही. ती ट्रंकेकडं बघायची आणि मी तिच्याकडं.

सोसायटीच्या अध्यक्षीण माझ्या चुलत सासू होत्या. त्यांना सगळे काकी म्हणत. त्यांचे मालक तालुक्याच्या राजकारणात होते, त्यामुळं काकींनी मान डोलावली की काम व्हायचं आणि काकींनी नाक मुरडलं की मोडायचं. रोज सकाळी त्या गाडीतून छावणीत यायच्या, कडक इस्त्रीची साडी नेसून, डोक्यावरून न्हाऊन. त्यांच्या घरामागच्या बोअरला अजून पाणी होतं. छावणीत प्रत्येकीचा प्रत्येकीवर संशय होता, पण त्या बोअरवर संशय घ्यायची रीत नव्हती.

आमच्या आंघोळीची रीत निराळी होती. टँकरचं पाणी आधी जनावरांना, मग पिण्याला, आणि उरलं तर अंगाला. म्हणून छावणीच्या कोपऱ्यात जुन्या साड्यांचा आडोसा केलेला, आत एक सुंभाची बाज, आणि बाजेखाली मोठं घमेलं. एकीनं बाजेवर बसायचं, दुसरीनं तांब्यानं बेतानं पाणी घालायचं. पाणी अंगावरून सुंभातून खाली घमेल्यात जमायचं, आणि तेच घमेलं मग जनावराच्या पुढं. त्यामुळं साबणाला बंदी. जोड्या ठरलेल्या होत्या, कारण एकटीनं पाणी घेतलं की निम्मं सांडतं. फक्त एक बाई जोडीत येत नसे. ऊसतोडीहून आलेली. त्या साली कारखान्यालाच ऊस नव्हता, गाळप लवकर आटपलं आणि टोळ्या माघारी आल्या, त्यांतली ही. ती झुंजुमुंजू असताना, सगळ्यांच्या आधी, लुगड्यासकट एकटीच दोन तांबे ओतून घ्यायची आणि ओल्या लुगड्यानं निघून जायची. ही काय लपवते, असं माझ्या मनात लगेच आलं होतं. माझ्या मनात असं लगेच येतं.

माझी जोडी शेजारणीशी होती. बाई मनानं वाईट नव्हती, पण तोंडाला झाकण नव्हतं. एक दिवस पाणी घालता घालता ती थांबली. म्हणाली, ‘बाई, तुमचं वरचं अंग पार वाळलं. पर मांड्या हायेत बगा. कशा खळ्या पडल्यात, बाळसेदार पोरावानी!’

मी खाली बघितलं. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, झंपराला दोनदा टाके घातले होते, गळ्याची हाडं वर आलेली. पण मांड्यांवर, मागच्या अंगाला, खळ्या होत्या हे खरं. त्या आधीही होत्या. इतकी वर्षं त्यांच्याकडं बघायला ना मला वेळ होता ना दुसऱ्या कुणाला काही देणं-घेणं. आता दुष्काळात मात्र सगळ्यांचे डोळे दुसरीच्या अंगावर. कोण किती उतरलं, कोण का उतरलं नाही. ज्या बाईचं अंग वाळत नाही ती कुठंतरी खाते, हे छावणीत सगळ्यांना न शिकवता कळत होतं.

दुपारपर्यंत माझ्या मांड्या दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आल्या. आधी नुसत्या ‘भरल्यात’ होत्या. मग ‘कावून भरल्यात?’ झालं. दुसऱ्या दिवशी एकीला लाडू लहान दिसायला लागला. दुसरीला मागच्या खेपेला ट्रंक जास्त भरलेली आठवली. लाडू लहान-मोठे व्हायचे ते वळणारीच्या हातावर. शेजारणीच्या धाकट्या सुनेच्या मुठीत मोठा लाडू मावत नसे, त्या दिवशी ते लहानच व्हायचे. पण हे ऐकून घ्यायला कुणी थांबेना. आधी माझी मांडी दिसली, मग तिच्यावरून चोरी दिसली.

सासूनं दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी गाईच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता, माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘तुजं पोट पाटीला लागलंय. मंग मांड्याच कावून न्हाई वाळल्या?’

मी म्हणाले, ‘आत्याबाई, तुम्हीसुद्धा?’

‘मी इच्यारलं फकस्त,’ ती म्हणाली.

मला तेव्हा इतका राग आला की दोन घास जेवायचे तेही जेवले नाही, आणि मग वाटलं, उपाशी राहून तरी काय होणार, मांड्या काही संध्याकाळपर्यंत वाळणार नाहीत. गंमत म्हणजे मला स्वतःचाच संशय यायला लागला होता. माझं पोट रिकामं आहे हे मला माहीत होतं. मग हे मांडीवर काय साठलंय? बाकीचं अंग जळून चाललंय आणि तेवढी जागा दुष्काळाला कशी सापडत नाही? मी आडोशाला बसून मांडी चिमटीत धरून बघायचे. धरली की खळ्या आणखीच वर यायच्या.

आठवड्याच्या बाजारादिवशी नणंद आईला भेटायला आली. आष्टीत तिचं ब्युटी पार्लर आहे. लहानसंच, पण आरसा मोठा आहे आणि ती बोलते त्याहून मोठं. माझं नि तिचं तोंडदेखलं बरं होतं. ती आली की मी आधी तिची पिशवी बघायचे, कारण त्या पिशवीतून नेहमी काहीतरी विकायचं निघायचं. सासूनं तिला सगळं सांगितलं असणार, कारण ती मला थेट आडोशात घेऊन गेली आणि म्हणाली, ‘वैनी, दावा बरं.’

‘काय दावा?’

‘मांड्या. सगळ्या गावानं बघितल्यात, मलाच कावून न्हाई?’

मी दाखवल्या. तिनं डोळे बारीक करून बघितलं, ती गिऱ्हाइकाचा चेहरा बघते तसं. मग माझा दंड चिमटीत धरला. ‘हे बगा. हितं जी थोडी वळकटी येती ना, गुळगुळीत, ही चरबी. तुमच्याकडं ती उरलीच न्हाई म्हणा. आता मांडी दाबते. दिसल्या खळ्या? हे निराळं. ह्याला सेल्युलाईट म्हणतात. ह्याचा नि खाण्याचा तसा संबंध न्हाई. वाळक्या बायांलाबी असतं. वयात आलं की बहुतेकींना येतंच. माझ्या पार्लरला येत्यात त्या काडीवानी पोरींनाबी हाय.’

‘मग आत आहे काय?’

‘आत चरबीच असती, पर सगळ्या अंगाला असती तेवढीच. कातडीच्या खालून धागे असत्यात, ते कातडीला आत वढून धरतात. मधली चरबी वर येती. म्हणून खळगा नि उंचवटा.’

मला लगेच गादी आठवली. आमच्या पट्ट्यात कापूस घरचाच, गाद्या घरी भरून घ्यायच्या. पिंजारी गादीला टाके घालतो ना, तिथं कापूस किती का भरा, खळगा पडतोच. कापूस निम्मा काढून घेतला तरी टाका तिथंच राहतो. माझ्या मांड्यांवर टाके होते. कापूस केव्हाच निघून गेला होता.

पटलं मला. तरी मी विचारलंच, ‘तू हे खरं सांगतेस, का काही खपवायचंय?’

ती हसली आणि तिनं पिशवीतून डबी काढली. डबीवर बदामाचं चित्र होतं.

‘ह्यानं जातं?’

‘जरा गुळगुळीत दिसतं.’

‘किती दिवस?’

‘लावत ऱ्हायचं.’

‘म्हणजे जात नाही.’

‘वैनी, तुमच्याकडून मी काय घेणार हाय का? ठिवा. मन रमंल.’

फुकट दिलेल्या वस्तूवर माझा दुप्पट संशय असतो. डबी मी ताडपत्रीच्या काठीला खोचून ठेवली आणि ठरवलं की हात लावायचा नाही. पण त्याच दिवशी काकींचा निरोप आला. परवा शेडमध्ये बायकांची बैठक, सेक्रेटरीनं किल्ली घेऊन यायचं. ‘किल्ली घेऊन’ हे शब्द निरोप आणणारीनं दोनदा सांगितले. मग माझ्यासारख्या शहाण्या बाईनं काय केलं, तर डबी काढली आणि दोन्ही मांड्यांना थापून थापून क्रीम लावलं. खळ्या मिटल्या तर पुरावाच मिटेल, असा माझा हिशोब. घाबरलेल्या माणसाचा हिशोब असाच असतो. उद्या आंघोळीला शेजारीण बघेल, म्हणेल, ‘अगं, गेल्या की,’ आणि हेही तेवढ्याच वेगानं दावणीभर जाईल.

सकाळी बाजेवर बसले. शेजारणीनं तांब्या ओतला. खळ्या जिथल्या तिथं होत्या. पण घमेल्यातल्या पाण्यावर तवंग आला होता, उन्हात सात रंगांचा, तेल सांडल्यावर येतो तसा. शेजारीण एकदा घमेल्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिली. मी काही बोलायच्या आत तिनं घमेलं उचललं आणि रीतीप्रमाणं माझ्याच गाईपुढं नेऊन ठेवलं. गाईनं तोंड घातलं, फुर्र केलं आणि मान फिरवली.

त्या वर्षी तहानलेल्या जनावरानं पाणी नाकारणं ही साधी गोष्ट नव्हती. बायका धावत आल्या. एकीनं वाकून वास घेतला. बदामाचा वास तिनं जन्मात घेतलेला नसणार. ती म्हणाली, ‘शेंगदाण्याचा वास येतोय की गं!’

मग काय राहिलं? बाईच्या अंगातून शेंगदाण्याचं तेल गळतंय. इतके लाडू खाल्लेत की घामावाटे बाहेर येतंय. असलं कुणाला सुचावं तर ते ज्यांनी स्वतःच्या आंघोळीचं पाणी जनावराला पाजलं आणि जनावराच्या तोंडावरून माणसाची परीक्षा केली, त्यांनाच सुचावं. मला तिथंच सांगता आलं असतं की हे क्रीम आहे. पण सांगायचं कसं? जनावरं मरायला टेकलीत, पोरं भाकरीला कोरड्यास मागत नाहीत कारण मागून मिळत नाही हे त्यांना कळलंय, आणि ही बाई मांड्यांना क्रीम चोळत बसलीय. चोर बरी का नटवी बरी, याचा मी उभ्या उभ्या विचार केला आणि तोंड मिटून गाईला दुसरं पाणी आणायला गेले. गप्प बसले तेव्हाच त्यांना कबुली मिळाली.

तो दिवस आणि पुढची सकाळ माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मीही संशय घेत हिंडले. शेजारणीनं मुद्दाम केलं असेल. नणंदेनं डबी काकींच्या सांगण्यावरून दिली असेल. आणि ऊसतोडीची ती बाई. तिच्यावर माझा सगळ्यात जास्त. आंघोळ चोरून करते, कुणात बसत नाही, शेडच्या दारात उगाच घुटमळताना मी तिला पाहिलं होतं. लाडू खरंच कमी होत असतील तर ते हिच्याकडं जात असतील, असं मला वाटत होतं, आणि कुलूप तर माझं होतं हे मी सोयीनं विसरत होते.

बैठकीला पुरुषांना लांब पाठवलं. शेडचं दार लोटलं. काकी खुर्चीवर, बाकी सगळ्या खाली. सासू माझ्यापासून जरा अंतर ठेवून बसली, ते मला लागलं.

काकी म्हणाल्या, ‘दुष्काळानं सगळ्यांच्या अंगातलं पाणी आटलं आन हिच्या अंगातून तेल निगतंय. मी काय बोलू? किल्ली ठिव हितं.’

मी उभी राहिले. मी म्हणाले, ‘ट्रंक उघडा आणि बघा कमी काय झालंय ते.’

‘लाडू ल्हान झालेत,’ कुणीतरी मागून म्हणालं.

‘ज्यांनी वळले त्यांनी हात पुढं करा,’ मी म्हणाले. कुणी केले नाहीत. मग मी पदरातली डबी काढून मधोमध टाकली. ‘आणि तेल माझ्या अंगातलं नाही, ह्या डबीतलं आहे. मांड्यांना लावलं. खळ्या जाव्यात म्हणून. तुमच्या तोंडाला भिऊन लावलं. नटायला नाही.’

एक हसली आणि तिच्यामागं सगळ्या. मांड्यांना क्रीम! मला रडू येत होतं आणि संतापही. मी त्या हसण्यातच ओरडले, ‘हसताय कशाला? आपापल्या बघा! दंड चिमटीत धरा, मग मांडी धरा. दंडाला वळकटी आली तर ती चरबी. मांडीला खळ्या आल्या तर ते कातडीचे टाके. गादीतला कापूस काढला म्हणून टाका जातो का?’

खोटं कशाला सांगू, मला वाटलं नव्हतं कुणी ऐकेल. पण शेजारणीनंच आधी लुगडं वर घेतलं. बहुतेक तिला मनातून टोचत असावं. ‘अगं बया, माज्याबी हायेत!’ मग तिच्या धाकट्या सुनेनं बघितलं, मग सुनेच्या जावेनं. शेडमध्ये एकच गलका झाला. एकमेकींच्या मांड्या दाबून बघताना बायका पोरींसारख्या खिदळत होत्या. कितीतरी महिन्यांत मी तसं हसणं ऐकलं नव्हतं. माझ्या सासूनं बसल्या जागी पदराआड चाचपून बघितलं, आणि हळूच माझ्या बाजूला सरकली.

काकी मात्र हसल्या नाहीत आणि त्यांनी साडीला हातही लावला नाही. त्या म्हणाल्या, ‘ह्यानं काय झालं? ह्या समद्या खात्यापित्या घरच्या. दुष्काळ हाय म्हणून काय चूल इजली न्हाई कुणाची. चार घास समद्याच खात्यात, म्हणून समद्यांच्या मांड्या हायेत. उपाशी बाईच्या अंगावर असल्या खळ्या दाव, मंग मी ऐकते.’

काकी राजकारणातल्या घरच्या, नेमकं कुठं बोट ठेवायचं ते त्यांना ठाऊक. बरोबरच होतं ते. जिनं तिनं लुगडं नीट केलं. माझा हात आपसूक कमरेच्या दोऱ्याकडं गेला, कारण आता द्यायलाच लागणार होती.

तेवढ्यात दारापाशी हालचाल झाली. ऊसतोडीची बाई उठली होती. ती बैठकीला आली आहे हेही मला माहीत नव्हतं. मला वाटलं ही निसटते. पण ती पुढं आली, बायकांच्या मधोमध, डबी पडली होती तिथं. कुणाकडं बघितलं नाही. आधी पदर सोडला. बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. मग तिनं लुगडं मांडीच्या वर घेतलं.

मांडी कसली, माझ्या दोन्ही पंजांत मावेल एवढी. कातडी सैल होऊन लोंबत होती. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या पायांचं एवढंच उरलं होतं. आणि त्या सैल कातडीवर खळ्या होत्या. माझ्यापेक्षा खोल.

‘माज्याबी हायेत,’ ती म्हणाली. ‘मी काय खाल्लं, सांगा.’

भरलेलं अंग दाखवायची लाज आम्ही सगळ्या जाणत होतो, म्हणून तर आडोसे केले होते. रिकामं अंग दाखवायची लाज आम्हाला कळलीच नव्हती. ती पहाटे एकटी लुगड्यासकट पाणी घ्यायची ते एवढं लपवायला. गेले कितीतरी दिवस अख्खी छावणी माझ्या मांड्यांकडं बघत होती, मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते, आणि हिच्याकडं कुणीच बघितलं नव्हतं. शेडच्या दारात ती का घुटमळायची, तेही मला तेव्हा कळलं. लाडू केले की गुळाचा वास तिथपर्यंत यायचा.

माझ्या सासूनं उठून तिचा पदर तिच्या खांद्यावर घातला आणि डोळे पुसले.

मी सुटले होते. हे मला लगेच कळलं, बायकांच्या तोंडावरून कळलं. काकींनाही कळलं होतं, कारण त्या आता किल्लीकडं बघत नव्हत्या. पण मला आनंद म्हणून झाला नाही. माझा खरेपणा ठरला तो या बाईच्या उपाशी अंगावरून, आणि ते अंग मला रोज समोर दिसत असून दिसलं नव्हतं. मी दोरा सोडवला, ट्रंकेचं कुलूप काढलं, वरचाच एक लाडू घेतला आणि तिच्या हातात ठेवला.

तिनं तो लगेच पदरात बांधायला घेतला. ‘पोरांना हुईल,’ ती म्हणाली.

‘पोरांचं नंतर बघू,’ मी म्हणाले. ‘हा इथंच खा. माझ्यासमोर.’

तिनं पहिला घास तोडला. चावताना तिची कानशिलं हलत होती, ते बघवत नव्हतं, तरी मी बघत राहिले.

‘तिला बसत न्हाई,’ काकी म्हणाल्या. आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण म्हणाल्या. ‘ना पोटुशी, ना अंगावर पाजती. नियम तुमीच केलाय. मंग हा लाडू कुणी खाल्ला म्हणून लिवायचं?’

मी ट्रंकेला कुलूप घातलं. किल्ली कमरेला बांधली, गाठ ओढून बघितली.

‘लिहा,’ मी म्हणाले, ‘सेक्रेटरीनं खाल्ला.’

काकींनी ते तसंच लिहून घेतलं, आणि किल्ली पुन्हा मागितली नाही.